अक्कांनी चुना लावला

रहिमतपूर,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. कीर्ती हिस,
भाग्यश्रीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोन करता आला असता, पण तुमच्याकडे फोन जिनूच्या हाती लागला की तो स्पीकरवर टाकतो आणि माझी खुशाली दुकानातल्या हमालांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे ऐकतात. हे पत्र फक्त तुझ्यासाठी आहे. वाचून झालं की साखरेच्या डब्याखाली ठेव. डॉक्टरांनी बजावल्यापासून माझा हा भाऊ तिकडे फिरकत नाही.

आठ दिवसांचं शिबिर कधीच संपलं. बाकीचे पाहुणे आपापल्या गावी गेले आणि मी अजून इथेच आहे. काम असं की पेठेतली जुनी घरं, मातीच्या विटांची आणि लाकडाची, पडायला आलेली, ती आम्ही हौशी मंडळी दुरुस्त करतो. सिमेंटचा कण वापरायचा नाही. चुना, माती, विटांचा चुरा आणि घरातूनच निघालेलं लाकूड पुन्हा घरालाच. आमचे म्होरके आकाराम सुभेदार. फौजेतून निवृत्त झाले, पण फौज काही त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. सकाळी गल्लीत हजेरी होते. शाळेत इतकी वर्षं चित्रकला शिकवली म्हणून मला गिलाव्याचं खातं दिलंय, आणि खरं सांगते, कागदापेक्षा भिंतीवर हात फिरवायला जास्त मजा येते.

कळीचा चुना पाण्यात टाकला की पाणी आपोआप खदखदा उकळतं. पहिल्या दिवशी मी त्यावर चहा ठेवता येईल का विचारलं, तर सुभेदारांनी मला हौदापासून लांब उभं राहायची शिक्षा दिली. पुढं कुणीतरी सांगितलं की जुन्या काळी गिलाव्यात अंडं फोडून घालत. मी थापी खाली ठेवली आणि जाहीर केलं की अंडं आलं तर अक्का गेली. मग हिरडा आणि गुळाचं पाणी ठरलं, पण ते म्हणे आठवडाभर आंबवायचं. आंबवण म्हणजे जीवजंतू, तेही मला चालेना. सुभेदार डोक्याला हात लावून म्हणाले की आवं बाई, तुमी भिंत बांधताय का उपास करताय. शेवटी रोज ताजा काढा उकळून घालायचं ठरलं. गल्लीत त्याला आता सगळे जैन चुना म्हणतात. जरा उशिरा धरतो, पण धरतो.

आता खरी गोष्ट. इथे तानुबाई कासारणीचं घर आहे. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं परसात सीताफळाचं झाड. तानुबाई लेकीकडे कोरेगावला असतात. त्यांचं म्हणणं एवढंच की घर कुणीतरी नीट करावं आणि त्यात जन्मभर राहावं. रिकामं राहिलं तर भाऊबंद पाडून दुकानगाळे काढतील. सुभेदारांनी सभेत विचारलं की कोण राहील. आणि कीर्ती, वर्गातल्या पोरीसारखा माझा हात वर गेला! एकसष्ट वर्षांची बाई, चुन्यानं माखलेला हात वर करून उभी. मला त्या घरात राहायचंय गं. जिनूला हे सांगायचं कसं ते तू ठरव.

लोभ आहेच, त्यात आता थोडी फितुरीही असावी.

तुझी,
अक्का

---

सांगली,
१८ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कांना,
कीर्तीचा सा. न. वि. वि.

जय जिनेंद्र. (हा देवाला. तुमच्या भावाला नाही. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही आणि नमस्कार मात्र असाच करायचा, या पेचात लग्नानंतर मी वर्षभर नुसतं ‘जय’ म्हणून हात जोडत होते. देवाचं नाव घेतल्यानं कुणाचं आयुष्य कमी होत नाही, हे सासूबाईंना तुम्हीच ठणकावलं होतंत. मी विसरलेले नाही.)

तुमचं पत्र यायच्या आदल्याच दिवशी बातमी येऊन थडकली होती. कराडचे सुकुमारशेठ, ते पत्र्याचे व्यापारी, दुकानात आले आणि भर गिऱ्हाइकात ह्यांना विचारलं की काय अण्णा, तुमच्या अक्का रहिमतपुरात घरोघर चुना लावत फिरत्यात म्हणं, खरं हाय का.

झालं! ह्यांनी अर्धं शटर ओढलं आणि घामाघूम होऊन घरी आले. अक्कांना पेन्शन पुरत नव्हती का, मला का नाही सांगितलं, कुठल्या भिशीत शिरल्या, किती लोकांना गंडवलं, असा नुसता सपाटा. वकिलांना फोन लावला. उद्याच रहिमतपूरला जाऊन घरोघर हात जोडतो आणि ज्याचं त्याचं देऊन टाकतो, म्हणाले. ह्यांना तुमचं शिबिर चित्रकलेचं वाटत होतं. ते घरदुरुस्तीचं आहे हे मला माहीत होतं, पण हसू इतकं दाटलं की शब्द फुटेना. मी पदर तोंडाशी धरून हलत होते. ह्यांना वाटलं मी रडतेय. मग तेही माझ्या शेजारी बसले आणि त्यांचेही डोळे भरले. अक्का, असा भाऊ शोधून मिळायचा नाही.

शेवटी एकदाचा आवाज फुटला तेव्हा मी सांगितलं की अहो, खरा चुना, भिंतीचा! ते क्षणभर खूश झाले, वकिलांना नको म्हणून कळवलं, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. सांगलीतला सिमेंटचा एवढा मोठा दुकानदार आणि त्याची सख्खी बहीण गावोगाव चुना मळतेय. मला वाटतं, तुम्ही लोकांना गंडवलं असतंत तर त्यांना कमी दुःख झालं असतं.

पण घराचं मी अजून सांगितलेलं नाही. ते वाचून मला हसता आलं नाही. पत्र डब्याखाली ठेवलं आणि पोळ्या करपवल्या. आमच्याकडे काय कमी पडलं, अक्का? संध्याकाळी दिवेलागणीच्या आत आपण दोघी जेवायला बसतो, दुनियेची उणीदुणी काढतो, ते मी आता कुणाबरोबर करू? राग आला आहे. खोटं कशाला लिहू.

रागासकट लोभ असावा.

आपली,
कीर्ती

---

रहिमतपूर,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. कीर्तीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातला सुकुमारशेठचा भाग मी सकाळच्या हजेरीत मोठ्यानं वाचून दाखवला. मंडळी अशी हसली की परांचीवरून एक घमेलं खाली आलं. सुभेदारांनी तेवढ्यात घोषणा केली की ह्या गल्लीत लय वर्सांनी कुनीतरी उघड उघड चुना लावतंय, सलाम ठोका. तेव्हापासून भाजीवालीसुद्धा मला चुनेवाल्या अक्का म्हणते आणि पैसे दोनदा मोजून घेते.

पुढचा भाग मी एकटीनं वाचला, परसात बसून.

तुमच्याकडे काहीही कमी पडलं नाही. तू पहिली भाकरी माझ्या पानात टाकतेस, हे मला दिसत नाही का? पण बघ, मी आधी बाबांच्या घरात राहिले, मग शाळेच्या खोलीत, मग भावाच्या फ्लॅटमध्ये. सगळीकडे मान मिळाला, माया मिळाली. पण मागच्या वर्षी मला माझं एक चित्र खोलीत लावायचं होतं. एक खिळा. त्यासाठी मी जिनूला विचारलं. त्यानं आनंदानं हो म्हटलं, मिस्त्री बोलावला, ड्रिल आणलं, जागाही त्यानंच ठरवली. चित्र छान दिसतं. मला मात्र त्या दिवसापासून वाटत राहिलं की कुणालाही न विचारता, चुकीच्या जागी का होईना, एक खिळा आपण ठोकावा.

एवढंच आहे. तुझ्यापासून लांब जायचं नाहीये. रहिमतपूर काही परदेशात नाही, सकाळच्या गाडीत बसलीस तर माझ्या हातचा चहा पिशील. राग असू दे, पण त्याला सांग. तो नको म्हणाला तर मी त्याला दुखवून इथे राहणार नाही. हेही तुला आधीच सांगून ठेवते.

लोभ आटू नये, चुन्यासारखा ओला ठेवावा.

तुझी,
अक्का

---

सांगली,
२० मार्च २०२५

ती. अक्कांना,
सा. न. वि. वि. जय (पुढचं तुम्ही समजून घ्या).

खिळ्याचं वाचलं आणि राग गेला. मलाही कुठंतरी माझा एक खिळा ठोकायचा आहे, हे त्याच दिवशी कळलं. पण तो विषय वेगळा.

ह्यांना सांगितलं. मुद्दाम ताकाची कढी केली, दुसऱ्यांदा वाढताना सांगितलं. ह्यांनी वाटीच खाली ठेवली. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले की लोक विचारतील, भावानं सांभाळलं नाही का. मी म्हटलं, विचारू देत. मग उठले आणि गॅलरीत येरझाऱ्या घालत राहिले.

दोन दिवसांनी तोडगा निघाला, आणि तो ऐकून तुम्ही हसाल की रडाल मला माहीत नाही. म्हणतात, राहायचंच असेल तर राहू दे, पण घर पक्कं पाहिजे. माझं गोदाम भरलेलं असताना माझी बहीण मातीत राहणार नाही. टेम्पोभर सिमेंट पाठवतोय, स्लॅबही टाकून देतो. मी परोपरीनं सांगून पाहिलं. पोती निवडताना स्वतः उभे होते, अक्का. एक पोतं जरा ओलसर होतं, ते बाजूला काढून दुसरं ठेवायला लावलं. लेकीची पाठवणी असावी तशी तयारी केली.

टेम्पो सोमवारी निघतोय. सांभाळा.

लोभ दोन्हीकडून असावा, मी मध्ये आहे.

आपली,
कीर्ती

---

रहिमतपूर,
२७ मार्च २०२५

चि. सौ. कीर्तीस,
अनेक आशीर्वाद.

टेम्पो आला. गल्लीच्या तोंडाशी सुभेदार आडवे उभे, हात वर. ड्रायव्हर म्हणाला की अण्णांचा माल हाय, उतरून घ्या. सुभेदार म्हणाले की ह्या हद्दीत सिमेंटचं एक पोतं शिरनार न्हाई, आमी हाय तवर. त्यानं हॉर्न वाजवला, ह्यांनी शिट्टी वाजवली. बायका भांडी घासायची सोडून आल्या. मी थापी घेऊन मध्ये गेले, तर ड्रायव्हरला वाटलं मी मारायला आले. तो केबिनमध्ये काच चढवून बसला!

काच खाली करून घेतली आणि त्याला समजावलं, तसं तूही जिनूला समजाव. मातीची भिंत पावसात ओल पिते आणि उन्हात सोडून देते. वरून सिमेंट थापलं की ओल आत अडकते, भिंत फुगते आणि एक दिवस गिलाव्यासकट अंगावर येते. शेजारच्या घरात तेच झालंय, आम्ही छिन्नी घेऊन तेच उकरतोय. सिमेंट वाईट नाही. या भिंतीचं त्याच्याशी जमत नाही, इतकंच. ड्रायव्हर बिचारा जेवला, तासभर चुना मळूनही गेला, आणि पोती होती तशी परत घेऊन गेला.

संध्याकाळी जिनूचा फोन आला. या वेळी स्पीकरवर नव्हता. म्हणाला, तुला माझा माल चालत नसेल तर मीही चालत नाही असं समज. आणि ठेवला. त्यानं आयुष्यात जे कमावलं ते त्या पोत्यांत होतं आणि मी ते गल्लीच्या तोंडावरून परत पाठवलं. भिंतीचं बरोबर होतं, पण मी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. काय करू सांग. म्हणालीस तर उद्याच्या गाडीनं परत येते.

लोभ कमी झाला असल्यास तसं कळवावं.

तुझी,
अक्का

---

सांगली,
२२ एप्रिल २०२५

ती. अक्कांना,
सा. न. वि. वि.

मुळीच परत यायचं नाही. घर पुरं करा. उत्तराला उशीर झाला, कारण मी गनिमी काव्यात गुंतले होते.

इकडची हकीकत अशी. परत आलेली पोती ह्यांनी विकली नाहीत. गोदामात वेगळी रचून ठेवलीत आणि हमालांनी हात लावला की वसकन ओरडतात. झोप नाही. एसी सोळावर आणि हे छताकडे बघत. एप्रिलच्या उन्हानं स्लॅब रात्री बारा वाजेपर्यंत तापलेला असतो, त्यावर एकदा मी सहज म्हटलं की अक्कांचं घर म्हणे दुपारीसुद्धा गार असतं. ते म्हणाले, कोण म्हणतं. मी म्हटलं, लोक म्हणतात. ह्यांना लोकांचं फार असतं, तुम्हाला माहीत आहे.

परवा ठरलं. येत्या रविवारी गाडी घेऊन येतायत, तुम्हाला न्यायला. डिकी रिकामी करून घेतलीय तुमच्या सामानासाठी. मी येत नाही, मी आले तर दोघं माझ्याशीच बोलाल. भांडू नका. झुणका, भाकरी, ताक करा आणि भरपूर वाढा. बाकी तुमच्या भिंतींवर सोपवते.

लोभ पणाला लावला आहे, जपून असावा.

आपली,
कीर्ती

---

रहिमतपूर,
२८ एप्रिल २०२५

चि. सौ. कीर्तीस,
अनेक आशीर्वाद, आणि त्याशिवाय एक कडकडून मिठी.

आला गं! भर उन्हात, कपाळाला आठ्या घालून. घरात शिरल्या शिरल्या विचारलं की कॉलम कुठायत. म्हटलं, नाहीत, भिंतीच वजन घेतात. बीम कुठायत? तुळया आहेत, लाकडाच्या. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मला ताप आला असावा. मग बोटांच्या पेरांनी सगळ्या भिंती वाजवल्या, चुन्यावर हात घासून बोट हुंगलं, कोपऱ्यात वाकून ओळंबा धरल्यासारखा एक डोळा मिटून उभा राहिला. सुभेदार दारात सावधान. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि मी पानं वाढली.

जेवला. तीन भाकरी. म्हणाला, पाच मिनिटं पाठ टेकतो आणि मग तुझं सामान भरू. खाली चटईवर आडवा झाला. वीज गेलेली, पंखाही नव्हता. आणि कीर्ती, तो झोपला! घोरायला लागला. सुभेदारांनी चुना दळायची घाणी बंद ठेवली आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना माणसं उभी करून सायकलच्या घंट्यासुद्धा अडवल्या. बायका एकेक करून पडवीत येऊन बघून गेल्या की चुन्याच्या घरात सिमेंटवाले कसे झोपतात. ऊन कललं, सीताफळाची सावली परसाच्या भिंतीवर चढली, तरी गडी हलेना. मावळायच्या आत जेवायचं असतं म्हणून शेवटी मीच हलवून उठवलं.

उठून बसला तो बराच वेळ समोर बघत. भिंतीवर माझं चित्र आहे, जरा तिरकं. विचारलं, हा खिळा कुणी ठोकला? म्हटलं, मी. कुणाला विचारून? म्हटलं, कुणाला नाही. त्याच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. मी बॅग भरून ठेवली होती, खरंच सांगते, तो चल म्हणाला असता तर मी निघाले असते. तो जेवला, हात धुतले, बॅगेकडे बघितलं, आणि गाडीत बसून निघून गेला. डिकी रिकामीच. येतो असंही म्हणाला नाही.

आता हा होकार समजू की रुसवा? मला हसू येतंय आणि रडूही. बॅग तशीच भरून ठेवलीय.

लोभाचं काय ते लवकर कळवावं.

तुझी,
अक्का

---

सांगली,
२२ ऑगस्ट २०२५

ती. अक्कांना,
सा. न. वि. वि.

घाईत चार ओळी. कृष्णेला पाणी चढलंय, अख्खी सांगली आयर्विन पुलाची पातळी विचारतेय आणि हे सकाळी उठून सगळ्यांना विचारतायत की रहिमतपुरात किती पाऊस झाला. सुभेदारांना रोज फोन असतो. तुम्हाला सांगायचं नाही अशी सुभेदारांना ताकीद आहे, म्हणून मी सांगते. भिंत फुगली का, वरचं मातीचं माळवद गळतं का, एवढंच विचारतात आणि नाही म्हटलं की चहा मागतात. पण तुमचा विषय काढला की अजून तोंड मिटतात. तुम्ही धीर धरा. बॅग मात्र रिकामी करा, साड्यांना बुरशी लागेल.

लोभ पुरापेक्षा वर असावा.

आपली,
कीर्ती

---

सांगली,
१४ ऑक्टोबर २०२५

ती. अक्का हिस,
जिनूचा नमस्कार.

मला कोटेशन सोडून काही लिहायची सवय नाही. चूकभूल द्यावी घ्यावी.

पावसाळा गेला. घर उभं आहे असं सुभेदारांकडून समजलं. ते सिमेंट मी शेवटी विकलं. फार दिवस ठेवलं की पोत्यात गोळे होतात. तुला राग आला नसावा.

त्या दिवशी मी काही न बोलता निघालो. तू बॅग भरून ठेवली होतीस. माझ्या एका शब्दावर तू निघाली असतीस, हे बघून मला फार वाईट वाटलं. गाडीत बसल्यावर रडायला आलं, कराडपर्यंत. कीर्तीला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

मी अजूनही म्हणतो की कॉलम पाहिजे होते. पण झोप चांगली लागली.

कामाचं लिहितो. भाऊबीज जवळ आली. आपल्या सांगलीच्या पेठेतले सगळे त्या दिवशी दुपारी दुकान बंद करून बहिणीच्या घरी जातात. कुणी मिरजेला, कुणी जतला. नवे कपडे घालून, हातात पिशवी घेऊन निघालेले मला दुकानातून दिसतात. मी मात्र जन्मभर आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत येत आलो. शाळेच्या खोलीवर राहायचीस तेव्हाही दिवाळीला तूच घरी यायचीस. तू स्वयंपाकघरातून ताट घेऊन यायचीस, ओवाळायचीस आणि परत स्वयंपाकघरात जायचीस. मला वाटायचं आपल्या नशिबात ते जाणं नाही.

या वर्षी मी येतोय. गाडी घेऊन नाही, रेल्वेनं, पिशवी घेऊन. कीर्तीही येणार आहे. तिला तिकडे एक खिळा ठोकायचाय म्हणते, मला काही समजलं नाही. नवा शर्ट शिवायला टाकला आहे. स्टेशनवर घ्यायला कुणी येऊ नये. घर मी विचारत विचारत शोधीन. बहिणीचं घर कुठं आहे असं मला लोकांना विचारायचंय.

लोभ आहे. बाकी सर्व भेटीत.

तुझा,
जिनू

ता. क. त्या दिवशी दार उघडं टाकून पडवीत वाट बघत बसू नकोस. आतून कडी लावून घे. मला वाजवायचं आहे.